फाटकावरचे हात

मे एकोणीसशे अडुसष्टमध्ये पॅरिसच्या कलाशाळेचा ताबा विद्यार्थ्यांनी घेतला, तेव्हा एक नियम ठरला होता. संपासाठी काढलेल्या पोस्टरवर सही करायची नाही. चित्रं निनावी लावायची, सभेनं हात वर करून निवडायची, आणि कुणाचं कुठलं हे विचारायचं नाही.

तिथं शिकणाऱ्या जोझियानला त्या दुपारी हा नियम अगदी जाचत होता. तिचा बाप, ल्युसियाँ, मोटार कारखान्यातल्या संपकऱ्यांसोबत पोस्टरं न्यायला आला होता. "हे रंगकाम पुरे. संप मिटला की नोकरी धर," असं त्यानं तिला रविवारीच बजावलं होतं.

तिचं चित्र भिंतीवर होतं: कारखान्याचं बंद फाटक आणि कुलपाच्या जागी एकमेकांत गुंतलेले दोन हात.

"फारच बाळबोध," तिएरी म्हणाला. तो वकिलाचा मुलगा, आणि मजुरांबद्दल बोलायला सगळ्यांत पुढे. "यात संताप कुठंय?"

जोझियानच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण बोलली असती तर चित्र तिचंच हे उघड झालं असतं.

"ए पोरा," ल्युसियाँ उठला, "बाकीच्या चित्रांत आम्ही एकतर मार खातोय, नाहीतर बोंबलतोय. फाटक मालकानं नाही, आम्ही बंद केलंय. हे एकच चित्र तसं सांगतंय. हेच छापा."

हात मोजले गेले. फाटक जिंकलं.

जोझियाननं स्वतःच छपाईच्या जाळीवरून लाल शाई ओढली. पहिला ओला कागद बापानं दोन्ही हातांनी उचलला.

"चित्र माझं आहे म्हणून बोललात का?" तिनं हळूच विचारलं.

"छे! बोललो तेव्हा मला काय ठाऊक? हात मोजताना कळलं. सगळे भिंतीकडं बघत होते नि तू डोळे घट्ट मिटून बसली होतीस."

तिला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "पण बाबा, यावर माझं नाव नसणार."

"मग काय झालं? मी वीस वर्षं गाड्यांची दारं बसवतोय. कुठल्या दारावर माझं नाव आहे?" त्यानं कागद वाळत टाकला. "तरी रस्त्यानं गाडी गेली की तुझ्या आईला सांगतोच, बघ, आपली गेली. उद्या शहरभर ही पोस्टरं भिंतींवर दिसतील. तेव्हा तिला काय सांगायचं, ते मला ठाऊक आहे."