चाकांवरचा उंबरठा

मित्रांनो, मी एक जुनी गाडी हाय, पण माझ्यात चढायच्या आधी चपला काढायला लागतात. का, ते सांगते. जरा दम धरा.

तरुणपणी मी वऱ्हाडं वाहिली. पुढच्या काचेला झेंडूचा हार, आत मावतील त्याच्या दुप्पट माणसं, आणि मागच्या सीटवर एक तरी करवली रुसलेली. महाडपासून पोलादपूरपर्यंत असं एक मंगल कार्यालय नसंल, जिथल्या भिंतीला मी पाठ घासली नाय. मंग रंग उडाला, सीटांतला काथ्या बाहेर आला आणि नवरदेवांना मी नकोशी झाले. मालकानं मला गॅरेजच्या मागं उभी केली. टपावर कोंबड्या बसायच्या. एकीनं तर ड्रायव्हरच्या सीटवर अंडी घातली. तेव्हा वाटलं, संपलं आपलं.

तेवढ्यात मुरारी आला.

मुरारी घाटाखालच्या कापडे गावचा. मुंबईत टेम्पो चालवून चालवून केस पांढरे झाले, पण डोक्यातला वात्रट पोरगा काय मोठा झाला नाय. लहानपणी होळीत घालायला ज्यानं स्वतःच्या बापाची खाट पळवली, तोच हा. आता बायको राहीबाई, पोरगी सेजल आणि म्हातारी आई आवडी यांना घेऊन महाडला डेपोमागं भाड्याच्या खोलीत राहत होता. त्यानं कोंबडीला हाकललं, माझ्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चल गो बाय, तुझं घर करू."

बुद्धरत्न मिस्त्रीनं माझ्या सगळ्या सीटा उपटल्या. आत पलंग, छोटा ओटा, शेगडी, टपावर पाण्याची टाकी. कोपऱ्यात एवढासा संडास, की आत गेलेल्याला वळायचं असंल तर बाहेर येऊन वळायला लागायचं. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून दारात लोखंडाची उभी पट्टी ठोकली. सेजल पहिल्याच दिवशी तिला ठेचकाळली.

"बाबा, हे काय मधीच?"

"अगो, उंबरठा हाय तो. त्याला पाय लावायचा नसतो, त्याच्या पाया पडायचं असतं."

बुद्धरत्न हसला. "मुरारी, तू हिला घर करतोयस, का घरातनं पळून जायची सोय?"

मंग मुंबई-पुण्याची माणसं मला भाड्यानं न्यायला लागली. स्टेअरिंगवर मुरारीच. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला, "काका, फिरायला बेस्ट सीझन कुठला?" पावसात आलेल्यांना मुरारी सांगायचा, "थंडीत यायचं होतं." थंडीत आलेल्यांना, "अरेरे, पाऊस बघायला हवा होता तुम्ही." मे महिन्यात आलेल्यांना काय बोलायचाच नाय, नुसता त्यांच्याकडं बघून हळहळायचा. बिचारी सगळी पुन्हा यायची.

एकदा श्रावणात पुण्याचं एक कुटुंब घेऊन आम्ही आंबेनळी घाट चढत होतो. धुकं असं की मला माझाच वायपर दिसेना. मागं सगळी घाबरलेली. मुरारीला राहवतंय होय? गंभीर तोंड करून म्हणाला, "इथं रीत हाय. प्रत्येक वळणावर काच खाली करून विचारायचं, येऊ का? नाय विचारलं तर डोंगर रागावतो."

रीत कसली डोंबलाची! मागच्याच वळणावर बनवली होती त्यानं. पण ती माणसं ओरडायला लागली, चष्मेवाले आजोबासुद्धा. "येऊ का? येऊ काऽऽ?" मुरारी ओठ चावून हसू दाबत होता. मी तर मोकळी हसले, माझा सायलेन्सर तसाही फुटका.

आणि एका वळणावर, आजोबांचा "येऊ का" अजून हवेत असतानाच, धुकं बाजूला झालं.

मित्रांनो, मी रस्ते काय कमी बघितलेत? पण ते मी कधी बघितलं नव्हतं. समोर आख्खा डोंगर उघडा. त्याच्या अंगावरनं पांढऱ्या धारा, जणू वरच्या गावातल्या बायांनी सगळ्या घागरी एकदम कलंडवल्या. आणि ढग चालले होते ते आमच्या खालनं, दरीतनं, मुकाट. मुरारीनं मला कडेला घेतली, इंजिन बंद केलं. फोटो काढायचंसुद्धा कुणाला सुचलं नाय. मुरारीचं हसू कुठं गेलं कुणास ठाऊक. हळूच, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाय असं म्हणाला, "आलो."

थंडीतल्या पहाटे मात्र माझी गोची. इंजिन चालू व्हायचं नाय, आणि मुरारी पाव्हण्यांना ढकलायला लावायचा. वर सांगायचा, "सकाळचा व्यायाम पॅकेजमधीच धरलाय." ढकलता ढकलता त्यांचं लक्ष दरीकडं गेलं की हात तसेच माझ्या पाठीवर राहायचे. मे महिन्यात माझा टप असा तापायचा की सेजलनं वर पापड वाळवले. पण संध्याकाळी वारा फिरला, करवंदीच्या जाळीचा वास आत आला, की जीव कसा थंड व्हायचा. तेव्हा चांगला ऋतू कुठला, हे मला विचारू नका. मला सगळ्यांनीच गप्प केलंय.

आता खरी गोष्ट.

सगळ्या जगाला फिरवून झालं, पण मुरारीच्या घरच्यांनी माझ्यातनं कधी सहल केली नव्हती. एका संध्याकाळी खोलीच्या दारात मला धुता धुता विषय निघाला.

"दिवाळीनंतर जाऊ," राहीबाई म्हणाली. "हवा चांगली असते."

"मे मध्ये!" सेजल म्हणाली. "सुट्टी तेव्हाच असते."

"पावसात जाऊ," मुरारी म्हणाला. "गाडी फुकट धुवून होते."

आवडी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला शिमग्यात ने."

"आजी, परीक्षा असते माझी!"

"आये, शिमग्याला आख्खं कोकण घरी येतंय, आन् तू बाहेर चाललीस?" मुरारी हसला.

"घरी यायला घर लागतं, मुरारी."

पाईपमधलं पाणी नुसतंच वाहत राहिलं.

सांगते. कापड्याच्या वरच्या वाडीत आवडीचं घर होतं. एका पावसात मागची दरड सुटली. माणसं आधीच खाली शाळेत नेली होती म्हणून वाचली. घर गेलं, नुसतं दगडी जोतं उरलं. "पुढच्या वर्षी बांधू," मुरारी दर वर्षी म्हणायचा आणि वर एक विनोद करायचा. आवडी विनोदाला हसायची आणि पदरानं डोळे पुसायची, हसून पाणी आलं म्हणून.

आणि आमच्याकडं शिमग्याला गावदेवी पालखीत बसून घरोघरी जाते. दारात टेकते. ज्याच्या दारात देवी टेकली, तो गावचा. मुंबईची माणसं नोकरीवर लाथ मारतील, पण त्या दिवशी दार उघडायला येतील.

"पालखी गावात फिरणार, आन् मी कुणाच्या पडवीत उभी राहून बघायची?" आवडी म्हणाली. "त्यापेक्षा मला लांब ने. ढोल ऐकू येणार नाय इतक्या लांब."

त्या रात्री मुरारीनं एकपण विनोद केला नाय. मला काळजीच वाटली. पुढं चार-सहा दिवस तो सुट्टी मिळाली की मोटारसायकलवरनं गायब व्हायचा. "मासे धरायला गेलतो," म्हणायचा. मासे दिसले नायत. बुटाला लाल माती मात्र दिसली.

शिमगा आला. सेजलच्या परीक्षेतला मधला रविवार. आवडीला पुढं बसवली, आणि आम्ही महाबळेश्वरला म्हणून निघालो. पोलादपूर गेलं. कापडं आलं, आणि मुरारीनं मला वाडीच्या रस्त्याला वळवली.

"मुरारी, हा महाबळेश्वरचा रस्ता नाय."

"शॉर्टकट हाय, आये."

"मला शिकवतोस? या रस्त्यानं मी नवरी आलेय!"

आवडीच्या जोत्यावरचं गवत कापलेलं होतं. दगड रचून मला वर चढायला उतार केलेला होता. मुरारीच्या माशांची गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली. त्याचा लहानपणीचा जोडीदार भरत तिथं हात झाडत उभा होता. मी धापा टाकत वर चढले. मुरारी उतरला, हात पसरून म्हणाला, "आये, घर आणलंय."

आवडी उतरलीच नाय. "सगळ्या जन्माची मस्करी केलीस," ती आतनंच म्हणाली, "आता देवीची पण करतोस?"

तेवढ्यात खालनं ढोल वाजला. सनई आली. वळणावर पालखी दिसली, आणि तिच्यापुढं मानकरी सहदेवकाका. काका मला बघून थबकले.

"मुरारी, हे काय सोंग आणलंस शिमग्याचं?"

"सोंग नाय काका. घर हाय."

"घराला चाकं नसतात. आज हितं, उद्या कुठं? देवी घरात जाते रे, स्टँडवर नाय."

माणसं हसली. मित्रांनो, मला किती जणांनी डबडं म्हटलंय, मी मनावर घेत नाय. पण तेव्हा वाटलं, जमिनीनं टायरासकट गिळावं. पालखी पुढच्या घराकडं वळायला लागली.

माझं दार उघडलं. आवडी उतरली. पायातल्या चपला तिनं जोत्याखाली काढल्या. मंग जोत्यावरनं चालत गेली, थांबली, परत दोन पावलं मागं आली. "दार हितं होतं," ती म्हणाली. "तू गाडी पडवीत लावलीस. मागं घे."

मुरारी पळत येऊन स्टेअरिंगवर बसला.

"मागं. आन् मागं. अरे अरे थांब, चूल मोडशील! डावीकडनं घे. भरत, देव्हाऱ्यात उभा हायस, बाजूला हो."

तिथं नुसतं कापलेलं गवत होतं. पण भरतनं दचकून पाय उचलला, कान पकडले आणि बाजूला झाला. राहीबाईनं सेजलला हाताला धरून बाहेर ओढलं. "आत चपला घालून कुठं चाललीस?" एकेक जण चपला काढायला लागला. जिथं एकेकाळी भिंत होती तिथनं कुणी गेलं नाय, सगळी दारातनंच आली. मित्रांनो, मी ढगांवरनं गेलेय. पण न दिसणाऱ्या घराला माणसं वळसा घालतात, हे मी त्या दिवशी बघितलं, आणि माझं इंजिन आपोआप बारीक झालं.

"बास," आवडी म्हणाली.

माझं दार एका दगडासमोर आलं होतं. घराची जुनी पायरी. दरड तिला न्यायला विसरली होती. पाय पडून पडून मधी गुळगुळीत झालेली. आवडीनं माझ्या त्या लोखंडी पट्टीला हळद-कुंकू लावलं. राहीबाईनं पलंगाखालनं नारळ, तांदूळ आणि खण काढला. म्हणजे तीपण सामील होती तर!

सहदेवकाका पायरीकडं बघत राहिले. दर शिमग्याला तिच्याशीच देवी टेकवली होती त्यांनी. त्यांनीपण चपला काढल्या. पालखीला हात जोडून माझ्या दारासमोर आले, आणि त्या खणखणीत माणसाचा आवाज एवढासा झाला.

"वहिनी, येऊ का?"

मला आंबेनळीतलं ते वळण आठवलं. मुरारीला पण आठवलं असणार, कारण त्यानं स्टेअरिंगवर डोकं टेकवलं आणि मला खारट पाणी लागलं.

"या भावजी," आवडी म्हणाली. "घर उघडंच हाय."

पालखी माझ्या दारात टेकली.

निघताना काका मुरारीला म्हणाले, "पुढच्या शिमग्याला हितंच लाव. पण भिंती कधी घालतोस?" मुरारी म्हणाला, "घालतो काका." पुढं विनोद जोडला नाय. नंतर आवडी माझ्यात येऊन बसली आणि म्हणाली, "चल आता, कुठं न्यायचं तिकडं ने." घाटातल्या वळणावळणावर सगळ्यात मोठ्यानं "येऊ का" कोण ओरडलं, ते काय सांगायला नको.

तर मित्रांनो, सहल काढायची असंल तर हवा, सुट्टी, गर्दी सगळं बघा. माझ्या टायरातली हवा पण बघा, मी आता म्हातारी हाय. पण घरात जे सगळ्यात गप्प बसून तांदूळ निवडतंय, त्याला आधी विचारा. आणि त्यानं लांब ने म्हटलं, तर ते कशापासून लांब पळतंय, ते पण बघा.

जोत्यावर आता भिंती कमरेएवढ्या आल्यात. माझ्या दारापुरती जागा सोडून. बाकी वर्षभर मला कधीपण न्या. पावसात न्या, थंडीत न्या, मे महिन्यात नेलंत तर मुरारी हळहळेल, तिकडं लक्ष देऊ नका. फक्त शिमग्याला मला मागू नका. शिमग्याला मी घरी असते.