शेखरची पात

मोनिका कॉलेज सोडणार, ही बातमी साधनाने कँटीनमध्ये सांगितली आणि शेखरच्या हातातला वडापाव हातातच राहिला.

"सोडणार म्हणजे?"

"म्हणजे सोडणार. कापणी उरकली की येऊन दाखला काढणार, म्हणाली. मी का विचारलं, तर म्हणते, माझ्यावाचून कुणाचं काय अडतंय?"

शेखरला हे काही झेपेना. कुणाचं अडत नव्हतं हे खरंच होतं, पण ते कुणामुळे? शेखरमुळे! तिचं काही अडू नये म्हणून त्याने काय कमी केलं होतं? आणि ही बया त्याचंच खापर त्याच्यावर फोडून निघाली होती.

लवळ्याच्या टेकडीवरच्या त्या कॉलेजात यंदा पहिल्या वर्षासाठी नवी टूम निघाली होती. पोरांचे चार-चारांचे गट पाडायचे. गटाने सगळे तास एकत्र बसायचे, आणि दर बुधवारी खास गटाचा तास. त्यात गटातल्या एकाने एक धडा घ्यायचा आणि बाकीच्या तिघांना समजावून द्यायचा. कल्पना मॅडम मागे खुर्ची टाकून नुसत्या ऐकायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "भरल्या वर्गात कोण आलं, कोण गायब झालं, पत्ता लागत नाही. चौघांत लागतो. एकमेकांना सांभाळून घ्या. आणि हो, चारांतला एक गेला तर गट मोडेल, उरलेल्यांना दुसरीकडे घालावं लागेल."

शेखरने त्यातलं 'सांभाळून घ्या' तेवढं उचललं आणि गटाचा पाटील होऊन बसला. तो माण गावचा. जिथं आजोबांच्या काळात भात पिकायचं तिथं आता काचेच्या इमारती उभ्या, आणि घरच्या तीन मजल्यांवर कंप्युटरवाले भाडेकरू. कुणाकडे पाणी नसलं की शेखरच्या वडिलांचा टँकर, कुणाचं लग्न निघालं की शेखरच्या वडिलांचा मांडव. घेणं मात्र त्या घराला ठाऊक नाही. घेतलं की कमीपणा आला, अशी त्यांची रीत.

बारावीपर्यंत हा गडी शेवटच्या बाकावर झोपा काढायचा. पण ह्या गटात आल्यापासून काय झालं कोण जाणे, एक तास चुकवीना. हॉस्टेलवरची साताऱ्याची साधना, नागपूरहून आलेला सोनू, पौडच्या पुढून एसटीने येणारी मोनिका. ही तिघं त्याची वाट बघतात, त्याचं ऐकून घेतात, ह्याचंच त्याला अप्रूप. आता तोच गट मोडायला निघाला होता.

मोनिकाचं सुरुवातीलाच असं झालं की, तिच्या पहिल्या धड्याच्या आठवड्यात त्यांच्याकडे भाताची लावणी लांबली. ती दोन-तीन दिवस आलीच नाही. शेखरने बुधवारी तिचा धडा आपणच घेतला. ती परत आली तर हा ऐटीत म्हणाला, "काळजी करू नको, तुझं मी उरकलंय." ती "बरं" म्हणाली. पुढच्या वेळी ती हजर होती, पण एसटीच्या दगदगीत हिची तयारी कुठली व्हायला, असं धरून ह्याने आधीच सगळं करून ठेवलेलं. तिने पिशवीतून आपली पानं काढली, ह्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा पिशवीत घातली. साधना आणि सोनू, दोघंही तिला म्हणाली, "बरं झालं ना, तुझा त्रास वाचला." मग ती मागे सरकून बसायला लागली. मग बुधवार सोडून यायला लागली. आणि ह्या शहाण्याला वाटत होतं, आपण पुण्य करतोय.

रविवारी सकाळी शेखरने तिच्यासाठी साऱ्या विषयांच्या नोट्सच्या झेरॉक्स काढल्या, गठ्ठा गाडीला बांधला आणि पौड ओलांडून तिच्या गावाला गेला. समजूत घालायची आणि उद्या तिला कॉलेजात हजर करायची, असा बेत. बुद्धविहाराजवळ त्याने मोनिकाचं घर विचारलं, तर एका बाईने हात केला, "तिच्या बापाचं, रत्नदीपचं घर व्हय? घरी कुणी न्हाई. समदी वावरात हायेत."

वावरात दहा-बाराजण एका ओळीत वाकले होते. प्रत्येकाने आपापली पात धरलेली, म्हणजे वावराची आपल्या वाट्याची पट्टी. विळे सपासप चालले होते, थट्टामस्करी चालली होती. मोनिका मधोमध. कॉलेजात तोंडातून शब्द न काढणारी ही पोरगी इथं शेजारच्या बाप्याला दम भरत होती, "कोंडाजीकाका, तुमची पात मागं राहिली, बोलता कशाला एवढं!" आणि सगळे हसत होते. शेखर बांधावर उभा राहून बघतच राहिला.

तिचं लक्ष गेलं. हसू तिथंच थांबलं.

"तू? हितं?"

"बोलायचंय. नोट्स आणल्यात तुझ्यासाठी."

"आत्ता न्हाई. सावड हाय आमची. कालपातूर आमी कोंडाजीकाकांच्यात होतो, आज ते आमच्यात आलेत. मला उभं राहून चालायचं न्हाई."

"मग मीपण कापतो की."

तिची आई अनुसयाबाई लगबगीने पुढे आली. "आवो नगं नगं! पाव्हणं तुमी. सावलीत बसा." तिच्या बापाने, रत्नदीपनेही विळा खाली ठेवला. माणच्या जमीनदाराचं पोर आपल्या वावरात वाकणार, हे त्याला कसंसंच वाटलं. रत्नदीपच्या आजाच्या काळी ह्या घरची माणसं साऱ्या गावाच्या कापणीला जायची, पण ह्या घरच्या तुकड्यात कापायला चिटपाखरू यायचं नाही. सावड बरोबरीच्यांत असते. ती ह्या घराला मिळाली रत्नदीपच्या हयातीत, म्हणून तर ती कधी चुकवायची नाही, पोरीचं कॉलेज बुडलं तरी.

"बसा साहेब," तो म्हणाला. "तुमचं काय काम हाय ह्यात?"

शेखरला जांभळीखाली गोणपाट अंथरून दिलं. तांब्याभर पाणी आलं, चहा आला, बिस्किटाचा पुडा आला. दर थोड्या वेळाने कुणीतरी वळून विचारायचं, "ऊन तर लागत न्हाई ना?" कुणी त्याचा अपमान केला नव्हता, उलट त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आणि तो मात्र आतून जळत होता. सगळ्यांना काम आहे, सगळ्यांची पात आहे, एकमेकांना शिव्या देताहेत, हसताहेत, आणि आपण इथं मखरात बसवल्यासारखे. आपण आत्ता उठून गेलो तर ह्यांचं काय अडणार आहे? भाताची एक काडीसुद्धा अडणार नाही.

हे मनात आलं आणि शेखर चरकला. हेच शब्द साधनाने कँटीनमध्ये सांगितले होते. गेले तीन महिने आपण मोनिकाला अशाच झाडाखाली बसवून चहा पाजला! त्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो ताडकन उठला.

"काका, मला पात द्या."

"आवो पण..."

"हात कापला तर माझा कापेल. मला बसवत नाही इथं. पात द्या."

रत्नदीपने मोनिकाकडे बघितलं. तिने क्षणभर विचार केला आणि कडेची पट्टी दाखवली. "ती घे. पण अर्ध्यात सोडायची न्हाई."

पुढचं काय सांगावं! शेखरच्या कापणीची तऱ्हा बघून आख्ख्या वावराची करमणूक झाली. कुठं अर्धी धाटं उभीच राहिली, कुठं मुळासकट उपटून आली. कंबर बोलायला लागली, तळव्याला फोड आला. कोंडाजीकाका म्हणाले, "ह्यो कापतोय का भाताची हजामत करतोय?" मघाचा 'आवो-जावो'वाला रत्नदीपही तासाभरात ओरडला, "आरं, मूठ बारीक धर! पायाकडं बघ पायाकडं!" ते 'आरं' ऐकून शेखरला जे बरं वाटलं, ते बिस्किटाच्या पुड्याने वाटलं नव्हतं. दुपारी सगळ्यांच्यात बसून भाकरी आणि वांग्याचं कालवण खाल्लं. ऊन कलेपर्यंत रडतखडत का होईना, पात पुरी झाली.

हातपाय धुऊन सगळे बांधावर टेकले, तेव्हा रत्नदीप म्हणाला, "तुझा दिवस आमच्यावर चढला. कधी बोलावतोस आमाला?"

शेखर तळव्यावरचा फोड चोळत म्हणाला, "आमचं रान नाही राहिलं, काका. सगळं विकलं. कशाला बोलावू?"

"आसं कसं? फेडल्याबिगर सावड ऱ्हात न्हाई."

मग मोनिका म्हणाली, "रान नसंल तर नसू दे. दुसरं काय अडलंय तुझं ते सांग."

"माझं? काही नाही," शेखर सवयीने बोलून गेला.

"बघ! हेच," ती उसळली. "तुझं कधी काय अडतच न्हाई. मग आमी तुझ्या गटात कशाला? टाळ्या वाजवायला? माझा धडा तू घेतलास, मला विचारलंस तरी? मी आदल्या दिवशी एसटीत बसून सगळा तयार केला होता. साऱ्या गावात मला काम हाय, एक तुमच्या कॉलेजात न्हाई."

शेखर मान खाली घालून बसला. सगळं बांधावरचं गाव ऐकत होतं. त्याच्या घरात कुणी असं कधी बोललं नव्हतं, पण तो बोलला. "मला स्टॅटिस्टिक्स येत नाही. अजिबात. तुझा तो सरासरीचा धडा मी नेटवरून उतरवला आणि वाचून दाखवला. मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं."

"ठाऊक हाय मला. चुकीचं सांगितलंस तू. मागनं मी साधनाची वही बघितली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का?" मोनिका उठली, डोक्याला बांधलेला रुमाल सोडून झटकला. "बुधवारी येते. एक दिवस तुझा, एक दिवस माझा. सावड फिटली की मी दाखला काढायला मोकळी."

नोट्सचा गठ्ठा गाडीवर तसाच होता. तो तिला द्यायची त्याला हिंमत झाली नाही.

बुधवारी ती आली. कल्पना मॅडमना म्हणाली, "आज मी घेते," आणि फळ्यापाशी गेली. मग तिने खडू घेऊन एसटीचं चित्र काढलं.

"आमची पौडची गाडी रोज पाच-दहा मिनिटं उशिरा येते. एखाद दिवशी बंद पडते, मग दोन-दोन तास येत नाही. सगळ्याची सरासरी काढली तर उशीर निघतो अर्ध्या तासाचा. आता ह्या सरासरीवर भरवसा ठेवून अर्धा तास उशिरा स्टँडवर गेलात, तर काय होईल?"

"गाडी गेलेली असेल," सोनू म्हणाला.

"रोज! एका वाईट दिवसाने सरासरी बिघडवली. म्हणून सगळे उशीर लहान-मोठे असे ओळीत लावायचे आणि मधला बघायचा. तो मध्यक. तो खरं सांगतो. शेखर, ऊठ. करून दाखव."

शेखर फळ्यापाशी गेला आणि चुकला. ती म्हणाली, "पुन्हा." तो पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा साधना जागेवरून म्हणाली, "खरं सांगू? मलापण आत्ताच कळतंय." सोनूने हळूच कबूल केलं की त्याला ह्याच्या आधीचा धडाही कळला नव्हता. तीन महिने चौघं एकमेकांना सांभाळून घेत होती आणि कुणाला काही येत नव्हतं! मागे कल्पना मॅडम कपाळाला हात लावून हसत होत्या. अखेर शेखरचं उत्तर बरोबर आलं आणि नेमकी तेव्हाच घंटा झाली.

मोनिकाने हात झटकले. दिवस फिटला होता, हिशेब पुरा झाला होता. आता ही ऑफिसात जाणार. थांब म्हणायचा आपल्याला काय हक्क? शेखरने डस्टर घेतलं आणि तो फळा पुसायला लागला.

मोनिकाने पिशवी उचलली, दारापर्यंत गेली आणि परत येऊन आपल्या बाकावर बसली.

"मला इंग्रजीचा निबंध लिहिता येत नाही," ती घाईने म्हणाली, जणू थांबली तर बोलायची नाही. "पुढच्या बुधवारच्या आत शिकायचाय. करून द्यायचा नाही कुणी. शिकवायचा. कोण शिकवतंय?"

साधनाचा हात वर गेला. सोनूचा गेला. शेखरचाही सवयीने अर्धा वर गेला.

"तू नको," मोनिका म्हणाली. "तुझं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट हाय. तू माझ्याशेजारी बस, शिकायला."

तिघंही खो-खो हसत सुटली. शेखरने हात खाली घेतला, आपलं दप्तर उचललं आणि तिच्याशेजारच्या बाकावर जाऊन बसला.