मावशी काढा

मी फाईल बोलतेय. कचेरीच्या कपाटात धूळ खात पडणारी साधी फाईल नव्हे हं! काळ्या जाड पुठ्ठ्याची, तिन्ही बाजूंनी चेन असलेली, पोटात प्लास्टिकचे वीस पारदर्शक कप्पे असलेली. चित्रकार मंडळी मला पोर्टफोलिओ म्हणतात. मला ते नाव आवडतं, उगीच कशाला खोटं बोलू?

मला दुकानातून मावशीने आणलं. "भाचीला चित्रकथा काढायच्यात. पानं चुरगळता कामा नयेत," असं तिने दुकानदाराला तीनदा बजावलं. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघीच राहायच्या. मावशी शिंप्याच्या शर्टांना काज-बटणं करून द्यायची. भाची एका जागी बसत नाही म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. पण कागद पुढे आला की हीच भिंगरी तासन्‌तास हलायची नाही.

चित्रकथेत एकच चेहरा पन्नास वेळा काढायचा असतो आणि पन्नासही वेळा तो तोच दिसावा लागतो. भिंगरीचं घोडं इथेच अडायचं. पहिल्या चौकटीतलं नाक तिसऱ्या चौकटीत भलत्याचंच व्हायचं. शेवटी तिने मावशीलाच समोर बसवलं.

"नाक फार मोठं काढलंस हं," मावशी म्हणायची.

"आहेच ते मोठं."

"आहे, पण चारचौघांत कशाला सांगायचं?"

अशी दहा पानं झाली. सापडलेली छत्री परत करायला निघालेल्या एका मावशीची गोष्ट. काय सांगू, पान माझ्या कप्प्यात सरकलं की मला माणूस आत आल्यासारखं वाटायचं.

भिंगरी मला घेऊन मासिकाच्या संपादकांकडे गेली. त्यांनी फोनवर बोलता बोलताच मला चाळलं आणि पहिल्या पानावर एक चिठ्ठी डकवली. 'मावशी काढा. मग परत या.' खाली दोन रेघा.

भिंगरीचा चेहरा पडला. घरी मावशीने चिठ्ठी वाचली आणि हसली. "काढा? मला कुठे खोकला झालाय?" मग भिंगरीचे डोळे बघून म्हणाली, "अगं, टाक मला काढून. त्यात काय एवढं? तुझं काम होऊ दे."

भिंगरीने पांढरा पोस्टर कलर कालवला आणि पहिल्या पानावरची मावशी बुजवली.

त्याच दुपारी शिंपी शर्टांचा गठ्ठा घेऊन वर आला. मावशी खाटेवर बसली होती. त्याने गठ्ठा तिच्या मांडीवरच ठेवला आणि तिच्याकडे न बघता भिंगरीला म्हणाला, "लवकर दे गं."

चौथं पान झालं, तेव्हा भिंगरीने एकच कप चहा केला. मावशीने त्या कपाकडे बघितलं. सातव्या पानानंतर खाटेवर मावशी बसली तरी चादरीला सुरकुती पडेना. भिंगरीला यातलं काही दिसत नव्हतं. मी मात्र टेबलावर उघडी पडून सगळं बघत होते. फार भीती वाटत होती मला. पण माझी चेन माझ्या हातात थोडीच असते!

शेवटच्या चौकटीत मावशी दारात छत्री घेऊन उभी होती. भिंगरीने ब्रश बुडवला. खाटेवरून आवाज आला, "भिंगरे, थांब जरा."

ती थांबली नाही. तिने ऐकूच घेतलं नाही की तिला ऐकूच आलं नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

संपादकांनी या वेळी पानं नीट बघितली. "मावशी कुठे गेली?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना, काढा म्हणून."

"अहो, काढा म्हणजे चित्र काढा! जिथे नव्हती, त्याही चौकटींत हवी होती मला ती. तिच्याशिवाय आहे काय या गोष्टीत? आठवड्याभरात परत काढून आणा, पुढच्या अंकात घेतो."

भिंगरी जवळजवळ धावतच घरी आली. "मावशी, ऐकलंस का? गंमतच झाली!"

दोन्ही खोल्या रिकाम्या होत्या. खुंटीवर एकच टॉवेल होता. ती खाली शिंप्याकडे गेली.

"कोण मावशी गं?" तो म्हणाला. "तू तर एकटीच राहतेस. काज-बटणंही तूच करून देतेस की."

तिने आपली बोटं बघितली. त्यांवर सुई टोचल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या.

मग ती काढायला बसली. नाक चुकलं. पुन्हा काढलं, पुन्हा चुकलं. पांढरा रंग पात्याने खरवडला, तर कागदच फाटला. शेवटचं पान बाहेर ओढताना तिला माझ्या कप्प्याच्या प्लास्टिकवर काहीतरी दिसलं. पानावरची शाई दाबून दाबून मला चिकटली होती. उलटा उमटलेला, फिकट, पण मावशीचाच चेहरा.

"मावशी!" म्हणून ती जी रडली!

आठवडा कधीच उलटून गेला. संपादकांकडे ती गेली नाही. रोज मला उघडून त्या कप्प्यासमोर बसते, दोन रेघा काढते, आणि मग राहवत नाही म्हणून त्या गालावरून बोट फिरवते. दर वेळी थोडी शाई तिच्या बोटाला लागते. हनुवटी गेली. कान गेला. काल एक डोळाही गेला.

भिंगरे, माझं एवढं ऐक. हात लावू नकोस गं तिला. लांबूनच बघ, आणि काढ.