दूध तुटेपर्यंत

हॉटेलच्या लॉबीत खिडकीपाशी एकच खुर्ची अशी होती, जिथे मोबाइलला नेट धड लागायचं. गुंजन बिसेनने ती पहिल्याच दिवशी धरली. खिडकीतून भूमध्य समुद्र दिसायचा. त्याच्याकडे पाठ करून ती मोबाइलवर आमगावचं आपलं दुकान बघत बसायची.

खताच्या कंपनीने विदर्भातल्या दुकानदारांना जोडीने परदेश दाखवायचं ठरवलं, त्यासाठी तुर्कस्तानातलं हे अंतालिया निवडलं, आणि निवडला तो फेब्रुवारी, कारण फेब्रुवारीत इथे कुत्रं फिरकत नाही आणि खोल्या स्वस्त पडतात. किनाऱ्यावरच्या छत्र्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोरीने आवळलेल्या. खुर्च्या एकावर एक चढवलेल्या. पोहायच्या तलावात पाण्याऐवजी वाळकी पानं. आईस्क्रीमच्या टपऱ्यांना कुलपं, आणि त्यांच्या पायऱ्यांवर अंग मुडपून बसलेली मांजरं. पलीकडे डोंगरावर बर्फ होता. आख्ख्या हॉटेलात एकच मजला उघडा होता आणि त्यावर सगळी मंडळी भंडारा-गोंदियाची, त्यामुळे सकाळी जिन्यात "गुड मॉर्निंग"च्या आधी "झोप लागली का" ऐकू यायचं.

"पानीच पाहाचं होतं तं आपला बोदलकसा तलाव काय वाईट होता?" कामठ्याचा लीलाधर नाश्त्याला म्हणाला. त्याने रस्त्याकडेच्या झाडाचं एक संत्रं तोडून खाल्लं होतं आणि ते कडू निघालं होतं, तेव्हापासून त्याचा या देशावर राग होता. "तिथं भजे तरी भेटतेत."

"तुमाले भज्याच्या पुढं काही दिसते का," त्याची बायको टीना म्हणाली. "घरी गेल्यावर पाहा, फोटो असे दाखवतीन जसं काही हेच समुद्राचे मालक." मग गुंजनकडे वळून, "चल वं, धबधबा पाहाले बस जाऊन राहिली. खुर्चीले गोंद लागला का तुह्या?"

"डोकं दुखतंय हो ताई. तुम्ही जा."

दुखत होतं ते डोकं नव्हतं, हे तिच्या नवऱ्याला, भुपेंद्रला, ठाऊक होतं. स्वेटरच्या आत तिने ओढणी घट्ट गुंडाळली होती. छातीत दगड भरल्यासारखं झालं होतं, आणि आंघोळीच्या वेळी नळ सोडून ती बेसिनमध्ये दूध पिळून टाकायची. भुपेंद्रला नुसता नळाचाच आवाज ऐकू जावा म्हणून तो मोठा सोडायची.

त्यांचा मुलगा हिमांशू दोन वर्षांचा होऊन गेला तरी अन्नाला तोंड लावत नव्हता. वरणभात दिला की ओठ मिटून मान फिरवायचा आणि आईच्या पदराखाली शिरायचा. गोंदियाच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, कमी निघालेल्या आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "याचं पोट दुधानंच भरतं. जेवण आत जाणार कधी?" गुंजन बी.एस्सी. होती, तिने इंटरनेटवर सगळं वाचून काढलं. हळूहळू सोडवा, असं तिथे लिहिलं होतं. ती हळूहळू सोडवत होती आणि तो हळूहळू वाळत होता. एकदा कडुनिंबाचा पाला वाटून लावला, तर त्याने तोंड वेडंवाकडं केलं, तिच्याकडे दयेने बघितलं आणि पुन्हा पिऊ लागला. पुढच्या तपासणीत रक्त आणखी खाली.

तेव्हा सासूबाई, शामकलाबाई, म्हणाल्या, "माय समोर असली तं पोट्टं सोडत नाही. तू जाय तिकडं समुद्रावर. तेवढ्यात तुटते त्याचं. पन तोंड दाखवाचं नाही आन आवाजही द्याचा नाही. फोनवर दिसलीस का गेलं सगळं वाया. भुप्याचं तोडलं तवा मले कामठ्याले माहेरी धाडलं होतं. मी का मेली?"

म्हणून व्हिडिओ कॉल बंद. रोज सासूबाईंचा फोन यायचा, तोही पोरगा झोपल्यावर, आणि त्यात तीनच गोष्टी असायच्या: रडला, थोडं पेज गेली, झोपला. गुंजन विचारायची, पेज किती? "मोजून का पाजू?" असं उत्तर यायचं.

पण दुकानात कॅमेरा होता. भुपेंद्रने चोरांसाठी बसवलेला. त्यातून बोलताही यायचं. मोबाइलवरचं बटण दाबून धरलं की आवाज तिकडे छताखालून निघायचा. भुपेंद्र बाहेरगावी असला की त्यातून वडिलांना खतांचे भाव सांगायचा, आणि आता गिऱ्हाइकांनाही वर बघून बोलायची सवय झाली होती. घर दुकानाच्या मागेच. आजोबा, म्हणजे तिचे सासरे, उदाराम मामाजी, नातवाला अधूनमधून दुकानात घेऊन येत. तेवढं दिसावं म्हणून ती काउंटर, तराजू आणि युरियाच्या थप्प्या तासन्‌तास बघत राहायची. मधूनच चित्र थिजायचं. मग एकदम सगळे भराभर हलायचे.

"पाहून त्याचं दूध तुटन का?" भुपेंद्र जॅकेट चढवत म्हणाला.

"बोलत तर नाही ना मी. बघते फक्त."

त्याने चेन वर ओढली आणि तो बसकडे गेला.

बस गेली. लॉबीतल्या माणसाने एक सोडून सगळे दिवे मालवले. गुंजनने दुकान उघडलं, आणि हिमू समोरच होता. जमिनीवर, युरियाच्या थप्पीला टेकून, पाय पसरून बसलेला. अंगात तिने विणलेला लाल स्वेटर. बारीक वाटला. की कॅमेऱ्यातून सगळेच तसे दिसतात? ती चित्र मोठं करू लागली. मामाजी दारात नव्हते. रस्त्यावर कोणाचा ट्रॅक्टर उभा होता, त्यात पोती चढत होती. उन्हाळी धानाची रोवणी सुरू झाली होती, दुकानाला श्वास घ्यायला फुरसत नसणार.

मग तिला थप्पीतल्या खालच्या पोत्याचा कोपरा दिसला. उंदरांनी कुरतडलेला. फरशीवर पांढरे दाणे सांडले होते.

हिमूचा हात फरशीकडे गेला. मग तोंडाकडे. पुन्हा फरशीकडे.

तिने मामाजींना फोन लावला. काउंटरवर पडलेला त्यांचा मोबाइल उजळला आणि थरथरत कडेकडे सरकू लागला, हे तिला इथून दिसलं. सासूबाईंना लावला, तोही कोणी उचलला नाही; नेहमीसारखा आत चार्जिंगला असणार. हिमूने मूठ भरली. चघळत होता. तोंडाशी पांढरं चिकटलं होतं.

गुंजनने बटण दाबलं.

"हिमू. थू कर. थूक ते बाळा. थू, थू."

काही क्षण काहीच झालं नाही. आवाज समुद्र ओलांडून जात होता. मग पोराचा हात हवेतच थांबला. त्याने तोंडातलं सगळं फरशीवर काढलं. वर बघितलं, नेमकं कॅमेऱ्यात. "मम्मी," असं म्हणाला. उठला, काउंटरच्या मागे गेला, खुर्चीखाली वाकला, दोन थप्प्यांच्या मधल्या अंधारात तोंड घालून बघितलं, पुन्हा मधोमध आला आणि रडायला लागला. ते रडणं मोबाइलच्या इवल्याशा छिद्रातून आलं आणि तिची ओढणी, कुर्ता, स्वेटर, सगळं ओलं झालं.

आतून शामकलाबाई धावत आल्या. पोराला कडेवर घेतलं, पायाने थप्पीमागची स्टीलची वाटी पुढे ओढली, उचलली आणि वर कॅमेऱ्यासमोर धरली.

"हे पाह्य. मुरमुरे होयेत. देल्ले तवा फेकले, आन आता मनानं, सोताच्या हातानं खाऊन राहिला होता पोट्टा. मी आतून पाहून राहिली होती, गुपचूप."

"आई, मला वाटलं युरिया. ते पोतं फाटलंय…"

"मी का सांडल्या युरियापाशी पोट्टं सोडून देईन? फाटलं त्या पोत्यापासून चार हात दूर बसला होता थो. इतक्या रोजाच्या मेहनतीचं पानी केलंस, गुंजन."

आणि त्या आत गेल्या. फरशीवर मुरमुरे होते. आता माहीत झाल्यावर ते मुरमुरेच दिसत होते.

ती बाहेर पडली. किनारा गोट्यांचा होता, प्रत्येक पावलाला पाय मुरगळेलसं वाटायचं, आणि लाट परत जाताना हजारो गोटे एकमेकांवर घासून कुरकुरत. ती बंद टपऱ्यांवरून टोकापर्यंत चालत गेली, तिथे रस्ता संपला म्हणून परत फिरली, लॉबीच्या दारापर्यंत आली आणि पुन्हा टोकाकडे निघाली. एक माणूस पालथ्या घातलेल्या होडीला रंग देत होता. दोनदा ती गेली तेव्हा त्याने मान हलवली; तिसऱ्यांदा तो नुसताच बघत राहिला. एकट्या बाईने ओल्या स्वेटरने असं हिंडू नये, हे तिला समजत होतं. बसता येत नव्हतं.

भुपेंद्र आल्यावर तिने सगळं सांगितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "ॲप काढून टाकू का?" ती म्हणाली, काढा, आणि मोबाइल उशीखाली ठेवून त्यावर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी शामकलाबाईंचा फोन आला, आणि मागे हिमूचा आवाज होता. म्हणजे तो जागा होता.

"कालपासून तोंडात शीत नाही," त्या म्हणाल्या. "त्या कॅमेऱ्याखाली जाऊन बसते. वरच पाहाते. उठवलं का लोळते."

गुंजनला आत कुठेतरी, तिला लाज वाटावी असं, बरं वाटलं. "आई, मी निघते. तिकीट बघायला सांगते यांना. मी आले की पाजते, मग पुढे बघू…"

"पाजाचं नाव नोको काढू," शामकलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. रात्र त्यांचीही गेली होती. "आवाज देल्लाच आहेस तं आता कामात लाव. जेव म्हन त्याले. तोंड नोको दाखवू."

लॉबीत ती खुर्चीच्या कडेवर बसली. भुपेंद्र शेजारी उभा राहिला. लीलाधर चहा घेऊन आला, काहीतरी विनोद करणार होता, टीनाने त्याच्या दंडाला चिमटा घेतला. मोबाइलमध्ये सासूबाई फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या, थाळीत भात आणि तुरीचं वरण कालवून. हिमूचं तोंड वर.

"हिमू, मम्मी बोलते. आ कर बघू. आजीच्या हातचं खा."

तो ओठ मिटूनच होता. दोनदा, तीनदा. मग तोंड उघडलं. घास आत गेला. चावला. गिळला. टीनाने गुंजनच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजून एक. आ कर. शहाणा माझा. आ."

असे काही घास गेल्यावर तिच्या लक्षात आलं. तिचा "आ" तिकडे पोचायला वेळ लागत होता. तो तिकडे छतातून निघायच्या आत हिमूचं तोंड उघडलेलं असायचं. त्याची मान खाली आली होती. तो आजीच्या बोटांकडे बघत होता, थाळीकडे बघत होता, आणि छतातून येणारा आवाज त्याच्या चावण्यावर उशिरा येऊन पडत होता. तरी ती म्हणत राहिली. थाळी संपली. सासूबाईंनी पदराने त्याचं तोंड पुसलं. बाहेर ट्रॅक्टर येऊन उभा राहिला तसा तो उठला आणि "आजोबा" म्हणत दाराकडे पळाला. सासूबाई थाळी घेऊन त्याच्यामागे गेल्या.

"अजून एक घास, हिमू," गुंजन म्हणाली.

"झालं ना त्याचं," भुपेंद्र हळू म्हणाला. "जेवला तो. सगळं जेवला."

तिचा अंगठा बटणावरच होता. "बाळा, एकच."

दुकानात एक म्हातारा शेतकरी शिरला. रिकामा काउंटर बघून तो थबकला, आवाज आला तिकडे त्याने वर पाहिलं आणि डोक्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"युरिया आहे का बाई?"

गुंजनने भुपेंद्रकडे पाहिलं, मग पुन्हा त्या म्हाताऱ्याकडे, जो मान वर करून शांतपणे उत्तराची वाट बघत होता.

"आहे," ती म्हणाली. "बसा. मामाजी बाहेर पोती चढवून राहिले. येतातच."