उडीची ताटली

मार्गासनीच्या फाट्यावर हैबतीआबांचं दुकान आहे. पाटीवर अजून 'हैबती लाऊडस्पीकर' असंच लिहिलेलं आहे, आत मात्र मिक्सर, पंखे आणि मोबाईलचे चार्जर दुरुस्त होतात. पाटी बदला म्हणून त्यांचा मुलगा धनाजी गेली दहा वर्षं कानीकपाळी ओरडतो आहे. आबा ऐकत नाहीत. आताशा त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळं न ऐकण्याची चांगली सोयही झाली आहे.

तरणेपणी आबांनी वेल्ह्याच्या डोंगरातला एक धनगरवाडा सोडला नव्हता. जिथं बैलगाडी चढत नसे तिथं हा गडी खांद्यावर कर्णा, पाठीला बॅटरी आणि पोटाशी रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, म्हणजे चेंजर, बांधून चढायचा. कर्णा झाडावर चढला की लग्न लागलं असं लोक धरून चालत. भटजी काय, येतील मागनं. वेल्हे ते भोर या मुलखात आपल्याइतकी लग्नं कुणी वाजवली नाहीत असं आबा म्हणत, आणि ते खरंच होतं.

त्या काळात एकदा ते नव्या रेकॉर्डी घ्यायला पुण्याच्या जुन्या बाजारात गेले. तिथं एक मोठी ताटली दिसली. रेकॉर्डला आबा कायम ताटलीच म्हणायचे. कव्हरावर एक माणूस गाल फुगवून बाजा वाजवत होता आणि वर इंग्रजीत काहीबाही होतं. आबांची शाळा चौथीपर्यंत. हे काय आहे म्हणून विचारलं, तर दुकानदार तोंडात पान धरून म्हणाला, "जाज." आबांना ऐकू आलं झांज. बाजा आहे, वर झांज आहे, वरातीला याहून नेमकं दुसरं काय हवं? ताटली काखोटीला मारून त्यांनी एसटी धरली.

ती पहिल्यांदा लागली भागूबाईच्या लग्नात. भागूबाई म्हणजे आबांची चुलतबहीण, वरच्या वाड्यावरची. गाणं तिसरं चाललं होतं. बाजा चढत चढत वर निघालेला, आणि तेवढ्यात मांडवातला एक बोकड आबांच्या मेजावर चढला. पिन चर्रकन सरकली. आबांनी बोकडाला शिव्या घातल्या, पिन पुन्हा मागं ठेवली, पण ताटलीवर ओरखडा उठला तो उठलाच. बाजा वर चढायचा, आता तिथला सूर लागणार म्हणेपर्यंत पिन टुणकन पुढच्या रेघेत जायची आणि मधला एक घास गडप व्हायचा. नाचणाऱ्यांची पावलं अडखळली. पण ढोल सावळारामच्या गळ्यात होता आणि तो काही हार खाणारा माणूस नव्हता. गाणं पुन्हा लागून दुसऱ्यांदा ती जागा आली तेव्हा त्यानं ढोलासकट उडी मारली, पिन जिथं उतरली तिथं बरोबर पाय टेकले, आणि तिसऱ्यांदा अख्खा फेर उडाला.

पुढच्या लग्नापासून लोक 'उडीचं गाणं लावा' असं मागूनच घेऊ लागले. पंचवीस-तीस वर्षं त्या डोंगरावर उडीच्या गाण्याशिवाय वरात हलली नाही. कुठल्या देशातला तो वाजवणारा, त्याला काय ठाऊक, आपला एक श्वास गडप होतो आणि तिथं धनगर उडतात. आबांना मात्र याचा फार अभिमान होता. ते गाणं त्यांनी आणलं होतं, आणि बोकडाचं सोडलं तर ओरखडाही त्यांचाच होता.

मग डीजे आले. कर्णा माळ्यावर गेला. ताटली तेवढी आबांनी उशीच्या अभ्र्यात घालून कपाटात ठेवली.

यंदा आबांची नात आरती हिचं लग्न ठरलं. मुलगा वरवे बुद्रुकचा, अमृत नावाचा, पुण्यात गाणी रेकॉर्ड करायच्या स्टुडिओत कामाला. आबांनी एकच मागणं मागितलं. आरतीच्या वरातीला उडीचं गाणं लागलं पाहिजे, त्याच ताटलीवर, त्यांच्या हातानं. तिच्या आजीची नाही तरी आईची वरात त्यावरच दारात आली होती. धनाजी मान डोलावून मोकळा झाला, पण आबांचा पुतण्या पप्पू, ज्याचा डीजे ठरला होता, तो म्हणाला की माझ्या बेसपुढं तुमची पिन एक घडी टिकायची नाही, सगळ्या ताटलीभर नाचत सुटेल. आबा म्हणाले, मग बेस बंद ठेव. हे ऐकून पप्पूचा चेहरा असा झाला की जणू त्याला जेवण बंद ठेवायला सांगितलं.

या भांडणाच्या ऐन मध्यात अमृत घरी आला. कपाटातून काढलेली ताटली बघून तो उभाच राहिला. हे माझं लहानपणापासूनचं आवडतं, माझ्याकडं सीडी आहे, म्हणाला. हे झांज नव्हे, याला जॅझ म्हणतात, असंही त्यानं सांगितलं. इथवर ठीक होतं. पण पोरगं भोळं. पुढं म्हणालं की रेकॉर्डवर खरखर फार येते, सीडीवर आवाज कसा लख्ख येतो, तीच लावली तर पप्पूदादांचीही अडचण मिटेल. आरतीनं त्याच्याकडं असं पाहिलं की लग्नाआधीच त्याला लग्न म्हणजे काय ते कळलं असावं.

आबा शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, रईवारी तुमची ती सीडी घिऊन या. घोंगडीआड दोन्ही वाजवा. माजी ताटली म्या वळकली न्हाई, तर वरातीला तुमची लावा. म्या चकार शबुद बोलायचो न्हाई."

आरतीला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. आबांचे कान तिला ठाऊक होते. दुकानात पंख्याची घरघर त्यांना हाताला कळायची, कानाला नाही. कानातलं मशीन धनाजीनं भोरहून आणून दिलं होतं, ते आबा फक्त डॉक्टरकडं जाताना घालत.

रविवारी सकाळी अंगणात दोरीवर घोंगडी टाकली. आबांनी चेंजर दोन दिवस घासूनपुसून, नवा पट्टा घालून तयार ठेवला होता. वरच्या वाड्यावरून भागूबाई आली, पिकल्या मिशांचा सावळाराम आला, आणि कुणी न बोलावता आणखी वीसेक माणसं आली. दोन्हींना स्पीकर एकच होता. आबा खुर्चीत ताठ बसले. त्या दिवशी कानात मशीन होतं, वर टोपी ओढून घेतली होती.

घोंगडीआडून अमृतनं तिसऱ्या गाण्याची सुरुवात वाजवली, थांबवली, मग दुसऱ्यावर तीच वाजवली.

पहिलीत बाजा होता, पण लांबून आल्यासारखा, अंगावर भाकरीच्या पिठासारखी खरखर. दुसरीत बाजाच्या मागं काहीतरी चमकत होतं. छन् छन्, छन् छन्. आबा पुढं झुकले. झांज. किती वर्षांत ऐकली नव्हती ती. चाळीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पिन ठेवली तेव्हा अशीच ऐकू आली होती, आणि पुढं केव्हा ऐकू यायची थांबली ते त्यांना कळलंही नव्हतं. ते अर्धवट उठले आणि म्हणाले, "ही माजी. झांज वाजतीया बगा."

अमृतनं घोंगडीवरून डोकं काढलं. त्याच्या तोंडावर जिंकल्याची खूण नव्हती. चोरी करताना सापडल्यासारखा दिसत होता. ती सीडी होती.

आबा खाली बसले. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, की आपल्याच गाण्याला आपण परके झालो. पण शब्द दिला होता. पुरी लावा तुमची, ऐकू द्या सगळ्यांना, असं त्यांनी हातानं सांगितलं.

अमृतनं सीडी लावली. आवाज खरंच लख्ख होता. खोटं कशाला बोला. बाजा अंगणात येऊन उभा राहिल्यासारखा वाटत होता. माणसांचे पाय हलू लागले. सावळारामनं मांडीवर ठेका धरला, बायका उठल्या, बघता बघता फेर तयार झाला. बाजा चढायला लागला. चढला, चढला, आणि त्या जागेवर वीस माणसं एकदम उडाली.

बाजा उडालाच नाही.

तो आपला सरळ पुढं वाजत राहिला. माणसं खाली आली ती भलत्याच ठेक्यावर. सावळारामचा पाय पप्पूच्या अंगठ्यावर पडला, भागूबाईनं तोल जाऊन आरतीला मिठी मारली, कुणी घोंगडीत गेलं, आणि घोंगडी अमृतवर पडली. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. एकटे आबा हसले नाहीत. गडप झालेला तो घास त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला होता. वाजवणारा तिथं एक सूर लांबवून हळूच खाली आणत होता. चांगला होता सूर.

घोंगडीतून बाहेर येत अमृतनं विचारलं की काय झालं. भागूबाई धापा टाकत म्हणाली, "तुमची ताटली खोटी हाय, पाव्हणं. ह्यात उडीच न्हाई."

आरतीनं मग त्याला बोकडापासून सगळं सांगितलं. अमृतनं रेकॉर्ड लावली आणि ती जागा चार वेळा ऐकली. चौथ्या वेळी त्याचे खांदे नकळत उचलले गेले. मग तो आबांपुढं येऊन बसला. "आबा, आवाज सीडीचाच बरा आहे, ते मी मागं घेत नाही. पण वरातीला माझं गाणं नको, तुमचंच हवं. ताटली चार दिवस माझ्याकडं द्याल?"

ती ताटली आजवर आबांना सोडून कुठं गेली नव्हती. आवाज बरा आहे हे मागं न घेणारा माणूस त्यांना एकदम पटला. त्यांनी अभ्रा त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "येष्टीत मांडीवर धरा."

चार दिवसांनी ताटली परत आली आणि तिच्याबरोबर एक सीडी. अमृतनं रेकॉर्डवरूनच ती उतरवली होती. खरखर थोडी कमी केली होती आणि झांज जरा उचलून घेतली होती. स्टुडिओतला जोडीदार म्हणाला होता की तेवढी उडी काढून टाकू, एका मिनिटाचं काम आहे. अमृतनं त्याचा हात धरला होता. सीडीवर पेननं लिहिलं होतं: 'उडीचं गाणं. हैबतीआबांच्या ताटलीवरून.' आबांनी ते बोट फिरवत दोनदा वाचलं आणि चष्मा पुसायला आत गेले.

वरात दिवस मावळायच्या आत मार्गासनीत आली. पप्पूनं सीडी घातली, बेस सोडला. खिडक्यांची तावदानं थरथरली तरी सीडी जागची हलली नाही. फेर पडला. वरच्या वाड्यावरचे म्हातारे, वरवे बुद्रुकचे पाहुणे, सगळे आत घुसले. आबा सवयीनं पप्पूच्या मशीनजवळ गेले आणि दोन्ही हातांनी मेज घट्ट धरून, पोट टेकवून उभे राहिले. नाचणाऱ्यांच्या हादऱ्यानं पिन सरकू नये म्हणून ते असेच उभे राहत आले होते. इतकी वर्षं, इतक्या वराती, आणि हा माणूस त्या गाण्यावर एकदाही उडाला नव्हता.

भागूबाईनं ते पाहिलं. फेर सोडून ती आली आणि तिनं त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "दादा, ह्याला पिन न्हाई," ती म्हणाली. "सोडा आता."

आबांनी आधी एक हात सोडला. मेज हललं नाही. मग दुसरा सोडला. बाजा चढायला लागला होता. भागूबाईनं त्यांना फेरात ओढलं, तिकडून आरतीनं मुंडावळ्या सावरत दुसरा हात धरला, झांज छन् छन् करत कानातल्या मशीनमधून आत येत होती. बाजा चढला, चढला, आणि त्र्याहत्तर वर्षांचे हैबतीआबा टोपीसकट उडाले, आणि जिथं टेकायचं तिथंच टेकले.