व्हिसा देऊन घेतलेलं घर

इंडेम्निटी म्हणजे काय, हे गल्फमधल्या माणसाला सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. नोकरी सोडताना, जितकी वर्षं राबलात त्या हिशेबानं कंपनी एकरकमी पैसे देते, ती इंडेम्निटी. हातात येते ती एकदाच, पण बहरीनमधल्या आम्हा वसईकरांच्या घरांत ती रोज खर्च होत असे. माझा नवरा व्हिक्टर तर त्यात पटाईत. त्याच्या एका इंडेम्निटीतून विहिरीवर पंप बसायचा, आमच्या कॅरोलिनचं लग्न व्हायचं आणि वर आलोशियसदादाचं मुद्दलही फिटायचं. बाजारात तुरी म्हणतात ती हीच.

आलोशियसदादा वसईचाच, आमच्या शेजारच्या गावचा. राजधानीत, मनाम्यातल्या एका हॉटेलात कॅशियर आणि जोडधंदा सावकारीचा. एकोणऐंशी साली आम्ही गावी घर बांधायला काढलं. भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबपुरते पैसे उरले नाहीत. बँक दारात उभी करीना. तेव्हा दादानं दिले. घर त्याच्याकडे गहाण, मुदत सात वर्षांची. दर महिन्याला नुसतं व्याज द्यायचं, मुद्दल शेवटी एकदम. मुदतीत मुद्दल आलं नाही तर घर त्याचं.

"तोवर व्हिक्टरची इंडेम्निटी आहेच की," दादा म्हणाला होता, आणि व्हिक्टरला ते इतकं आवडलं की त्यानं त्याला जेवायला थांबवून घेतलं.

बहरीनमध्ये सुट्टी शुक्रवारची, म्हणून आमची चर्चमधली मोठी मिस्साही शुक्रवारीच. मिस्सा सुटली की दादा चर्चच्या फाटकापाशी उभा असे, बोटांना रोझरी गुंडाळून. व्हिक्टर महिन्याचं पाकीट द्यायचा, दादा "देव भलं करो" म्हणायचा. देवानं भलं केलं ते दादाचंच. सात वर्षांत आमचं एक पाकीट चुकलं नाही, आणि मुद्दल पहिल्या दिवशी होतं तिथंच बसून राहिलं.

मग शहाऐंशी साल आलं. तेलाचे भाव कोसळले आणि व्हिक्टरची बांधकाम कंपनी बसली. मालक कुठं गेला कोणाला कळलं नाही. इंडेम्निटी सोडाच, शेवटचे पगारही बुडाले. व्हिक्टर दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे निम्म्या पगारावर लागला. घर चालत होतं ते माझ्यावर. मी हॉस्पिटलात स्टाफ नर्स. आणि मुदत नाताळपर्यंतच होती.

नोव्हेंबरात दादा अरादला आमच्या फ्लॅटवर आला. हातात मुहर्रकचा हलवा. सावकार मिठाई घेऊन घरी आला की समजावं, आपलं काहीतरी घेऊन जाणार.

"व्हिक्टर, मी काय परका आहे?" सोफ्यावर टेकत तो म्हणाला. "दोन वाटा आहेत. घर माझ्या नावावर करून दे. रजेला याल तेव्हा राहा खुशाल, भाडं मी जास्त घेणार नाही."

"माझ्याच घरात भाडं?" मी विचारलं.

"ऐकून घे ना, डोरोथी बाय. दुसरी वाट म्हणजे मुदत वाढवू. आणखी सात वर्षं. फक्त व्याज थोडं चढं लागेल. तेल काय, आज पडलं, उद्या चढेल. इंशाल्ला."

व्हिक्टरचा चेहरा असा उजळला की मला त्याची कीव आली. "सात वर्षं खूप झाली, दादा," तो म्हणाला. "सात वर्षांत नवीन कंपनीची इंडेम्निटी तयार होते."

कॅरोलिन टेबलाशी गृहपाठ करत होती. अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्लिशमध्ये. मान वर न करता म्हणाली, "मम्मी, लेट हिम टेक इट. वी गो देअर ओन्ली वन मंथ."

हलव्याची वाटी माझ्या हातात होती ती मी खाली ठेवली. पोरीचा राग आला नाही, राग माझाच आला. ज्या घराच्या व्याजासाठी मी सणासुदीला डबल शिफ्ट केल्या, ते तिच्या लेखी फक्त एका महिन्याचं होतं. आणि तिचं काही चुकतही नव्हतं.

"आलोशियसदादा," मी म्हणाले, "मुद्दलाएवढं व्याज तुझ्या घरात येऊन पडलंय. आता व्याज खलास. नाताळच्या आधी तुझं मुद्दल तुला मिळेल."

"कुठून?"

"ते माझं मी बघीन. हलवा घेऊन जा, आमच्याकडे गोड कोणी खात नाही."

हे खोटं होतं. कॅरोलिन दार लागेपर्यंत त्या हलव्याकडे बघत होती.

दादा गेल्यावर व्हिक्टर उसळला. "कुठून आणणार? झाडाला लागलेत पैसे?"

"माझी इंडेम्निटी आहे. बारा वर्षांची."

इतकी वर्षं घरात इंडेम्निटीचा जप चालला होता, पण बायकोलाही ती असते हे व्हिक्टरच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याही नव्हतं आलं. नवऱ्याची ती इंडेम्निटी आणि बायकोचा तो नुसता पगार, असंच आम्ही सगळे धरून चालायचो.

"ती नोकरी सोडल्याशिवाय मिळत नाही," तो म्हणाला.

"मग सोडते."

"वेडी झालीस? नोकरी गेली की व्हिसा गेला. माझ्या पगारात मी तुम्हांला इथं ठेवू शकत नाही. लोक घरं विकून गल्फचा व्हिसा घेतात, डोरोथी! आणि तू व्हिसा देऊन घर घेणार?"

"हो."

"आणि जगाल कशावर?"

"वसईत दवाखाने आहेत. सुया तिथंही टोचतात. पगार कमी मिळेल, पण त्यातून दादाला पाकीट जाणार नाही."

"आणि मी?"

तो कंत्राटदाराच्या कॅम्पात राहणार, सहा जणांच्या खोलीत, हे दोघांनाही कळत होतं. पुढं किती दिवस तो माझ्याशी बोलला नाही. कॅरोलिन मात्र बोलली. "आय विल नेव्हर फर्गिव्ह यू," म्हणाली आणि दार आपटून घेतलं. मी म्हटलं, नको करू माफ, सामान भर.

हॉस्पिटलात आमची मेट्रन रुकय्या, मुहर्रकची बाई, कडक. राजीनामा वाचून तिनं चष्मा काढला. आमच्याशी ती अरबी आणि हिंदी मिसळून बोलायची.

"लेश, सिस्टर? क्यों? सौदी जाती है?"

"नो, मॅडम. बैत." घराला अरबीत बैत म्हणतात, तेवढं मला येत होतं. "मेरा बैत बचाना है."

"हजबंड का बैत?"

"मेरा."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. मग विचारलं, पैसे कधी हवेत. मी नाताळ सांगितला. हिशेबाच्या ऑफिसातला कारकून मला चार वेळा "बुक्रा, बुक्रा" म्हणाला होता. त्याच्या उद्याला नाताळ काय, ईस्टरही उजाडला असता. रुकय्या उठली, "यल्ला", चल, म्हणाली आणि मला घेऊन स्वतः त्या ऑफिसात गेली. आत ती काय बोलली ते मला कळलं नाही, इतकं भरभर अरबी. बाहेर आली तेव्हा कारकून तिच्या मागून कागद घेऊन धावत होता.

नाताळच्या आधीचा शुक्रवार. मिस्सा सुटली. दादा फाटकापाशी होताच. आमच्या गावची माणसं आजूबाजूला उभी होती आणि मला ती हवीच होती. मी पिशवीतून बंडल काढलं.

"हे मुद्दल. गहाणखत आणलंयस ना? मी फोनवर सांगितलं होतं."

दादानं पैशांना हात लावला नाही. सावकाराला पैसे नको असलेले मी आयुष्यात तेव्हाच पाहिले. आवाज खाली आणून तो म्हणाला, "डोरोथी बाय, कशाला हा हट्ट? राजीनामा मागे घेता येतो, तुमच्या हॉस्पिटलात माझी ओळख आहे. जुन्याच व्याजावर मुदत वाढवून देतो. वाटल्यास त्याहून कमी घे. नोकरी राहील, घर राहील, पोरीची शाळा राहील."

सगळं राहील. खोटं सांगत नाही, मला मोह झाला. कॅरोलिन मैत्रिणींना बिलगून उभी होती, रडून डोळे सुजलेले. एक हो म्हटलं असतं तर ती माझ्या गळ्यात पडली असती.

"नको," मी म्हणाले.

दादानं मान हलवली आणि माझ्या डोक्यावरून बघत हाक मारली, "व्हिक्टर, समजाव बाबा हिला. पुरुष माणूस आहेस तू घरातला."

व्हिक्टर माझ्या मागं उभा होता. इतके दिवस न बोललेला. तो पुढं आला, माझ्या हातातलं बंडल घेतलं. मला वाटलं, संपलं. याला हवी होती ती सात वर्षं मिळाली.

त्यानं ते दादाच्या हातात ठेवलं.

"दादा," तो म्हणाला, "मोजून घे."

दादानं मोजलं. गावची माणसं बघत होती म्हणून फार सावकाश मोजलं. मग खिशातून गहाणखत काढून पाठीमागं 'मुद्दल पावलं' लिहिलं, सही केली. दोघांनी साक्षी केल्या. बाकीचं वसईच्या कचेरीत होणार होतं.

"राहणार कोण त्या घरात?" जाता जाता त्यानं टोमणा मारलाच.

"मी," मी म्हणाले. "मालकीण."

अरादच्या बसमध्ये मात्र मला रडू फुटलं. साधंसुधं नाही, हुंदके देऊन. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला.

"आता का रडतेस?" व्हिक्टर घाबरला. "मिळालं ना घर?"

"घरासाठी नाही रडत," मी म्हणाले. "नोकरीसाठी रडतेय. बारा वर्षं माझी होती ती. तुझ्यासाठी रडतेय, त्या कॅम्पातल्या खोलीसाठी. रडू दे मला. आणि उद्या पुन्हा हीच वेळ आली ना, तर पुन्हा हेच करीन."