विहिणीचा चेहरा

लग्नाचा व्हिडिओ म्हणजे आधी यादी, हा माझा बावीस वर्षांचा नियम. यादीशिवाय काय होतं ते मी एकदा भोगलंय. एका लग्नात नवरदेवाच्या आजीचे सतरा शॉट आले आणि अंगठ्या घालतानाचा एकही नाही, कारण दुसऱ्या कॅमेऱ्यावर माझा नवरा लुओंग होता आणि त्याला आजी गोड वाटली. तेव्हापासून लग्नाच्या आठवडाभर आधी मी मुलीच्या घरी जाऊन बसते आणि एकेक क्षण लिहून घेते.

साउमावशीकडेही तशीच गेले. इकडे दक्षिणेत, बेन चेच्या कालव्याकाठी तिची नूडल्सची टपरी आहे. भावंडांत सहा नंबरची म्हणून साउ. खरं नाव तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागतं. तिची क्वेन लग्न करून पार उत्तरेला चालली होती, थाय बिन्हकडच्या एका खेड्यात. जावई तुंग गुणाचा, पण लग्नानंतर दोघं राहणार सासूच्या घरात.

क्वेन भराभरा सांगत होती. "हिएनताई, केसांत फुलं माळतानाचा घे. नावेतून निघतानाचा घे. आणि ड्रोन हवाच हं, वरून भातशेतं दिसली पाहिजेत."

"ड्रोन लुओंगच्या हातात दिला तर शेतातली बदकं दिसतील, तू नाही," मी म्हटलं.

साउमावशी कांद्याची पात चिरत होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुझे दोनशे क्षण तू निवड गं. माझा एकच लिही. माझी पोरगी त्या घरच्या दारात पोचेल तेव्हा विहिणीचा चेहरा. मला तेवढा चेहरा दाखव."

आमच्याकडे मुलीच्या सासरी वरातीबरोबर बापाने जावं, मामाने जावं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी जावं. आईने जायचं नाही. आई उंबऱ्यात रडली तर अपशकुन म्हणे. नऊ महिने वाहिलं तेव्हा चालली, तिकडे नेऊन पोचवायला चालत नाही! पण रीत ती रीत.

"बापाला विचार की आल्यावर," क्वेन म्हणाली.

"त्यांना? त्यांना चेहरा विचारला तर जेवणात काय होतं ते सांगतील."

क्वेन हसत आत गेली. मग मावशीने सुरी खाली ठेवली. "माझी सासू दारात आली होती, हिएन. मला पाहिलं आणि पाठ फिरवून बदकांना दाणे टाकायला गेली. एकोणीस वर्षं मी त्या पाठीशी बोलले. विहीण थोआबाईंना मी साखरपुड्यात एकदाच पाहिलं. मोजून तीन वाक्यं बोलल्या. कशा आहेत, मला काही कळेना."

"आणि चेहरा वाईट निघाला तर?"

"तर रोज फोन करीन, पोरीला धीर देईन. पण मला कळायला हवं. ते कळेपर्यंत माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही."

मी यादीत पहिला नंबर त्याला दिला, आणि शहाणपणा करून शब्दही दिला की क्वेन उंबरा ओलांडून आत गेली की पाच मिनिटांत क्लिप तुझ्या मोबाईलवर. लुओंगला बजावलं, "सासू दारात आली की मोबाईलवर चेहरा धर आणि ताबडतोब मावशीला पाठव. डोकं चालवू नकोस." थोआबाईंनाही फोन केला. क्वेन येताना दारात असाल ना? त्या म्हणाल्या, "हो हो, सगळं रीतीप्रमाणे होईल." रीतीप्रमाणे म्हटल्यावर मी निर्धास्त झाले. कुणाची रीत, ते विचारलंच नाही. फार अनुभव झाला की माणूस असं शेण खातो.

पाठवणीच्या दिवशी मावशी टपरीच्या खांबाला धरून उभी राहिली. रडली नाही. समोरच्या ताटातल्या भाताला हातही लावला नाही. आम्ही संध्याकाळच्या विमानाने उत्तरेला आलो, तालुक्याच्या गावी हॉटेलात राहिलो आणि सकाळी दहाच्या मुहूर्तावर वरात खेड्यात शिरली.

दारात थोआबाई उभ्या होत्या. जांभळ्या मखमलीचा पायघोळ आओजाय, गळ्यात मोत्यांची माळ, सगळं झकास. लुओंगचा मोबाईल त्यांच्यावर, माझा कॅमेरा गाडीवर. गाडीचं दार उघडलं, क्वेनचं पाऊल जमिनीला लागलं, आणि थोआबाईंनी चक्क पाठ फिरवली! वळल्या, कोपऱ्यातलं काहीतरी उचललं आणि मागच्या दाराने नाहीशा झाल्या.

क्वेन हसऱ्या तोंडाने पुढे येतेय, सासरा आहे, काक्या आहेत, सासूचा पत्ता नाही. आणि एकाही पाहुण्याला त्याचं काही नाही!

"लुओंग," मी दात ओठ खात म्हटलं, "ती क्लिप पाठवू नकोस."

"पाठवली," तो म्हणाला. "तूच म्हणालीस ना, डोकं चालवू नकोस."

बावीस वर्षांत या माणसाने माझं एकदाच ऐकलं, आणि ते नेमकं आज!

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. साउमावशी. मी उचलला. तीच बोलली, अगदी हळू. "पाठच आहे ना गं?" मी काहीतरी बोलले असते तर ती रडली असती, म्हणून नुसतं "थांब, फोन करते" म्हटलं आणि ठेवला.

मग मात्र माझं टाळकं फिरलं. शेजारी एक काकी सुपाऱ्या कातरत बसली होती. मी तिच्यावरच घसरले. "काय हो, सून दारात आणि सासू पळते? ही कुठली माणुसकी?"

काकी माझ्याकडे बघून खुदकन हसली. "दक्षिणेकडची दिसतेस. अगं, चुन्याचं मडकं घेऊन गेली ती. विड्याच्या चुन्याचं. ते म्हणजे घराच्या किल्ल्याच समज. सून उंबरा ओलांडताना सासू समोर आली की जन्मभर दोघींची टक्कर. म्हणून सासूने मडकं उचलायचं आणि दडून बसायचं. सून देवापुढे उदबत्ती लावून झाली की मग यायचं. ज्या सासूला सुनेशी गोडीने राहायचंय तीच एवढं करते. माझ्या सासूने केलं नाही, म्हणून बघ, तिच्याशी भांडून मी आज अंगणात बसलेय!"

"कुठे दडलीय ती?"

"पलीकडच्या परसात. पण तिला बोलावू नकोस हं, अजून उदबत्ती व्हायचीय."

मी कॅमेरा लुओंगच्या गळ्यात टाकला आणि पळाले. केळीच्या झाडांतून, बदकांच्या डबक्याला वळसा घालून. माझा आओजाय चिखलाने माखला तर माखला.

शेजारच्या परसात थोआबाई उपड्या बादलीवर उभ्या होत्या. मखमल वर खोचलेली, चुन्याचं मडकं पोटाशी धरलेलं, आणि डोळा भिंतीतल्या निखळलेल्या विटेच्या भोकाला लावलेला. माझी चाहूलसुद्धा त्यांना लागली नाही. स्वतःशीच पुटपुटत होत्या.

मी मावशीला व्हिडिओ कॉल लावला, तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली आणि मोबाईल थोआबाईंच्या बाजूला धरला.

"लंगडतेय," थोआबाई म्हणत होत्या. "बूट चावतोय पोरीला. कुणाच्या बापाला दिसत नाहीये! अरे, हात धरा तिचा, पायरीवर शेवाळ आहे. पहाटे दोनदा घासली मी, तरी मेलं जात नाही… हां, तुंग, धर. धर नीट. हां, चढली. चढली बाई." आणि त्यांनी डोळे पुसले. पुसताना बोटावरचा चुना गालाला लागला, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

मोबाईलमधून हुंदका आला. थोआबाई दचकल्या आणि बादलीवरून पडता पडता वाचल्या.

"कोण?"

"मी, क्वेनची आई," साउमावशी म्हणाली. "विहीणबाई, तिचा डावा पाय जरा मोठा आहे. लहानपणापासून. कुठलाही बूट चावतोच."

थोआबाईंनी मडकं काखेत मारलं आणि मोबाईल माझ्या हातातून घेतला. "असं होय! मी तिच्यासाठी कापडी चपला आणून ठेवल्यात, पण मापाच्या. आजच एक नंबर मोठ्या आणवते. आणि तुम्ही तिकडे का रडताय?"

"मला यायची बंदी आहे ना. आईने उंबऱ्यात रडायचं नाही."

"आणि मला समोर यायची बंदी," थोआबाई म्हणाल्या. "बघा, लग्न पोराबाळांचं आणि दोन्ही आया घराबाहेर!"

दोघी एकदम हसल्या. साउमावशीला मी आजवर इतकं मोठ्याने हसताना ऐकलं नव्हतं. मी तिथेच बादलीशेजारी चिखलात बसकण मारली आणि मोकळेपणाने रडून घेतलं.

भिंतीपलीकडून काकीने हाक मारली, "थोआ, झाली गं उदबत्ती! ये आता!"

थोआबाईंनी मखमल सारखी केली, मोबाईल माझ्या हातात दिला आणि मडकं सांभाळत लगबगीने निघाल्या. गालावर चुना तसाच. मी त्यांच्यामागून धावता धावता मोबाईल वर धरला. "मावशी, आता बघ हं, समोरून भेटतायत. हाच तुझा क्षण. यादीतला पहिला!"

मोबाईलच्या पडद्यावर कुणी नव्हतं. नुसता टपरीचा खांब दिसत होता. मग भातावरचं झाकण काढल्याचा आवाज आला.

"तू बघ गं," लांबून साउमावशी म्हणाली. "माझं बघून झालं. मला भूक लागलीय."